मदत हवी आहे : आजारातून उठलेल्या कुत्रीला घेऊन कॅम्परव्हॅनने कोकण किनारा

नमस्कार मंडळी. आमची सहा वर्षांची चिंगी गोचीड तापातून नुकतीच सावरली आहे. तिच्या प्लेटलेट फार उतरल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा कोर्स गेल्या आठवड्यात संपला आणि परवा तिने वाटीतला दहीभात प्रथमच चाटूनपुसून खाल्ला, तेव्हा आम्हा सर्वांचे डोळे भरून आले. ऊन आणि दगदग टाळून प्रवास करण्यास डॉक्टरांची हरकत नाही.

डिसेंबरमध्ये भाड्याच्या कॅम्परव्हॅनने (आतच झोपण्याची सोय असलेल्या गाडीने) कोल्हापूरहून आंबा घाटमार्गे रत्नागिरी, गणपतीपुळे आणि जयगड-तवसाळ फेरीबोटीने गुहागर असा बेत आहे. रत्नागिरीपर्यंतचे सुमारे १३० किलोमीटर तिला एका दमात झेपणार नाहीत, म्हणून पहिला मुक्काम घाटाखाली साखरप्याला करावा असे वाटते.

रात्री गाडी सुरक्षित उभी करता येईल आणि पंख्यापुरती वीज मिळेल, अशी सावलीची जागा या वाटेवर कोणाच्या माहितीत आहे का? फेरीबोटीत तिला गाडीतच बसू देतात का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्लेटलेटची तपासणी करून देणारे पशुवैद्य रत्नागिरी किंवा गुहागर परिसरात कोठे आहेत, हे कृपया कळवावे, कारण ताप उलटला तर घाट चढून परत येण्यात वेळ घालवणे मला धोक्याचे वाटते. किनाऱ्यालगतच्या गवतात गोचिडांचा त्रास कितपत असतो, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.