‘स्मृतिभ्रंश’ नको, मग कोणता शब्द?

पुण्यातल्या आमच्या रुग्णगटासाठी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजाराचं माहितीपत्रक मराठीत लिहायला घेतलंय आणि ‘कॉग्निटिव्ह डिक्लाइन’पाशी, म्हणजे विचार, लक्ष, स्मरण यांची क्षमता कमी होण्यापाशी, अडलेय. ‘संज्ञानात्मक ऱ्हास’ आहे, मानसशास्त्राच्या पुस्तकांतलं ‘बोधनिक’ आहे, आणि बोलताना लोक सरळ ‘स्मृतिभ्रंश’ म्हणून मोकळे होतात. हा शेवटचा शब्द मला मुळीच मान्य नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार होऊन नऊ वर्षं झाली. परवा मंडईत भाजीवालीने एका दमात हिशोब सांगितला: गवार तीस, भेंडी पंचवीस, मेथीच्या दोन जुड्या चाळीस. बहीण शंभराची नोट हातात धरून नुसती उभी. मागचे लोक चुळबुळ करू लागले, तशी मीच नोट पुढे केली आणि तिला बाजूला घेतलं. रिक्षा टिळक रोडला लागल्यावर ती म्हणाली, “ताई, पाच रुपये परत घ्यायचे राहिले गं.”

भ्रंश कुठे झालाय यात? चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण गेलं की संदेश रखडतो, म्हणून या आजारात बहुधा विचाराचा वेग आधी मार खातो. तपासणीतही ९० सेकंदांत चिन्हांपुढे आकडे लावायला देतात, ते याचसाठी. सुमारे ४० ते ६५ टक्के रुग्णांना असा काही ना काही त्रास होतो. एवढ्या माणसांना चुकीचं नाव चिकटवायचं नाहीये मला. ‘आकलन मंदावणे’ कसं वाटतं?

प्रतिसाद:
ताई, ‘मंदावणे’ चपखल आहे. ‘ऱ्हास’ म्हटलं की परतीची वाटच बंद होते. ‘संज्ञान’ ऐकून मला हिंदी बातम्यांतलं कोर्ट आठवतं. आपण तिथे ‘दखल’ म्हणतो. पण ‘आकलन’ म्हणजे समजणं. लक्ष लागणं, आठवणं, दोन कामं एकदम सांभाळणं त्यात मावत नाही. ‘बोधनक्षमता’ हा शब्द एकदा देऊन त्याचा अर्थ सांगा, पुढे साध्या क्रियापदांवर चला: सुचायला वेळ लागतो, बोलण्याचा धागा सुटतो, शब्द ओठांवर येऊन अडतो. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, त्यांच्या व्याख्यानांतही स्मरण दुबळं होणं आणि विचार सावकाश जुळणं, या दोन्हींची नोंद आहे.

प्रतिसाद:
पत्रकात मेंदूच्या रक्ताबद्दलही लिहिणार असाल, तर जपून. ‘मेंदूला रक्त कमी पडतं’ असं छापलंत, की घरोघरी बीट, खजूर आणि अळिवाचे लाडू सुरू होतील. आपल्याकडे ‘रक्त कमी’ म्हणजे हिमोग्लोबिन कमी. ‘रक्तपुरवठा तुटला’ म्हणाल तर लोकांना अर्धांगवायूच दिसेल. ‘रक्ताभिसरण’ सगळ्या शरीराचं. इथे मोजतात तो वेग: मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातं, निरोगी माणसात साधारण ५०. म्हणून ‘रक्तप्रवाह’च बरोबर.

आणि ‘मुळे’ हा प्रत्यय तर फारच जपून वापरा. एमएसमध्ये हा प्रवाह कमी झालेला आढळतो, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या भागांतही, आणि काही अभ्यासांत त्याचा बोधनाच्या त्रासाशी संबंधही दिसला आहे. पण रक्त कमी पोचल्याने पेशी मंदावतात, की मंदावलेल्या पेशींना रक्तच कमी लागतं? दोन्ही शक्य आहे. ‘प्रवाह घटल्यामुळे बोधन मंदावते’ हे वाक्य पुराव्याच्या पुढे धावतं. २००९ मध्ये मानेच्या शिरा अरुंद झाल्यामुळे एमएस होतो असं मांडलं गेलं, लोकांनी पदरचे पैसे घालून शिरा रुंद करून घेतल्या, आणि पुढच्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. एवढं महाग पडतं एक ‘मुळे’.

मूळ लेखिका:
‘मुळे’ तीन ठिकाणी होतं, तिन्ही काढलं. वाक्य आता असं: ‘या आजारात मेंदूतला रक्तप्रवाह कमी झालेला आढळतो, आणि बोधनक्षमता मंदावलेलीही आढळते.’ बहिणीला वाचून दाखवलं. थोडा वेळ गेला, मग म्हणाली, “बरोबर आहे. पण खाली लिही, आम्हाला उत्तर येतं, जरा थांबा.” तेही घातलंय, तिच्याच शब्दांत.