बाबांना एक दिवस फिरवायचंय: ब्रिटिशांच्या तहांचा इतिहास यूएईत कुठे बघता येईल?

वेंगुर्लेकर: दुबईत राहतो. बाबा (वय 71, इतिहासाचे निवृत्त शिक्षक) पुढच्या महिन्यात येतायत. मॉल, बुर्ज नको म्हणाले. इंग्रजांनी इथल्या शेखांना कसं बांधून घेतलं ते जिथे कळेल अशी जागा सुचवा. एकच सुट्टी, दोघांत 250 दिरहम, गाडी नाही.

मस्कतवाला: सरळ मस्कतला न्या. ओमानचा तह 1798 चा, या सगळ्यांच्या आधीचा. आम्ही सहकुटुंब गेलो, समुद्राकाठचं हॉटेल घेतलं. पैसे वसूल!

सोनल_शारजा: दादा, बजेट वाचा ना. शारजाच करा. अल महत्ता संग्रहालय आहे, 1932 पासून इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची विमानं तिथे उतरायची. ब्रिटिशांचा एजंटही शारजातच असे. आणि बाबांना शारजाचा झेंडा दाखवा: पांढऱ्या चौकटीत लाल. 1820 च्या तहात शेखांच्या जहाजांना असाच झेंडा लावायला सांगितला होता.

गडप्रेमी: 1892 मध्ये शेखांनी लिहून दिलं की इंग्रजांशिवाय कोणाशी करार वा पत्रव्यवहार नाही, जमीन दुसऱ्याला विकणार नाही की गहाण टाकणार नाही. ही तर तैनाती फौजच.

जुना_सभासद: अजिबात नाही. वसईच्या तहात बाजीरावाने फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. इथे शेखांना फौज पोसायची नव्हती, घरचा कारभारही त्यांच्याकडेच राहिला. इंग्रजांना समुद्र मोकळा हवा होता, आणि फ्रेंच, रशियन, तुर्क लांब. आखातातला इंग्रजांचा मुख्य अधिकारी, म्हणजे इराणमधल्या बुशहरचा रेसिडेंट, 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, हे तर कोणी सांगतच नाही.

गडप्रेमी: बाहेरचा व्यवहार गेल्यावर उरलं काय?

रासवासी: शारजाला +1. आमच्याकडे रास अल खैमात धायाचा किल्ला आहे, पण वयस्कर माणसाला नको. पायऱ्या फार, सावली नाही. आम्हाला एका टूरवाल्याने पायथ्याशी फोटो काढून परत आणलं, पैसे मात्र पूर्ण घेतले. डिसेंबर 1819 मध्ये इंग्रजांचा सेनापती कीर मुंबईहून आरमार घेऊन आला, जहाजावरच्या 24 पौंडी गोळ्याच्या तोफा उतरवून ओढत आणल्या, तेव्हा कुठे धाया पडला. मुंबईच्या देशी पलटणीचे शिपाईही होते. पुढच्याच महिन्यात तो 1820 चा तह.

जुना_सभासद: याच कीरने त्याच वर्षी फेब्रुवारीत सावंतवाडीकरांवर चाल करून रेडीचा यशवंतगड घेतला होता.

वेंगुर्लेकर: काय सांगता! बाबा दरवर्षी शाळेची मुलं यशवंतगडावर न्यायचे. मग ठरलं, धायाच. सोनलताई, शारजा पुढच्या खेपेला. पहाटे निघतो, दमले तर अर्ध्यातून उतरू. रास अल खैमापर्यंत बस, पुढे टॅक्सी. परतीला तिथे टॅक्सी मिळेल का?

रासवासी: भरवसा नाही. नेणाऱ्यालाच थांबवा, भाडं आधी ठरवा. पाणी शहरातूनच घ्या.