खिडकीवर स्प्रे स्नो आणि स्टेन्सिल: भाड्याच्या घरात करावं का?

मंजुळा_रेडिंग

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो, घर भाड्याचं. लेक दुसरीत आहे. तिच्या शाळेच्या रस्त्यावर नोव्हेंबर संपला की नाताळसाठी एकेका घराच्या खिडक्या पांढऱ्या व्हायला लागतात, हरणं काय, चांदण्या काय, बर्फाची फुलं काय, आणि मग रोज घरी येताना "आपल्या खिडकीत काहीच नाहीये" हे ऐकावं लागतं. म्हणून मागच्या वर्षी हौसेने काचेवर मारायच्या पांढऱ्या बर्फाच्या स्प्रेचा (स्प्रे स्नो) एक स्वस्तातला कॅन आणि स्टेन्सिलचं, म्हणजे नक्षी कापलेल्या साच्यांचं, पाकीट आणलं आणि काय सांगू, सगळा विचका झाला. एक तर इथे डिसेंबरात सकाळी काचांना आतनं घाम येतो, त्यात खालच्या कोपऱ्यात केलेला बर्फाचा ढीग तिसऱ्या दिवशी ओघळून खिडकीच्या कट्ट्यावर. दुसरं म्हणजे स्प्रे स्टेन्सिलच्या खालून पसरला, हरणाची शिंगं एकमेकांत मिसळून ते पोळ्याच्या बैलासारखं दिसायला लागलं (लेकीला तेच आवडलं हा भाग वेगळा). पण खरी मजा काढताना. ओल्या फडक्याने पुसलं तर सगळ्या काचेवर दुधाळ चिकट थर, जितकं पुसावं तितका पसरतोय, आणि दोन दिवसांवर एजन्सीचं इन्स्पेक्शन. नवऱ्याने माझ्या नकळत भांड्याची तारेची घासणी घेतली. काचेवर बारीक चरे आहेत अजून, ऊन आलं की दिसतात, डिपॉझिटचं काय होणार देव जाणे.

तर यंदा परत करायचंय पण नीट. कुणी केलंय का? ओघळू नये म्हणून काय करायचं, आणि मुख्य म्हणजे काढायचं कसं?

पेठेतला_पक्या

एवढं काय त्यात, आमच्या सोसायटीत वाढदिवसाला पोरं मारतात तो स्नो स्प्रे घ्या, फडक्याने पुसला की साफ, डाग नाही काही नाही. लक्ष्मी रोडला ढिगाने मिळतो, येताना घेऊन जा इकडनं.

वसईकर

पक्याभाऊ, ते विमानात नेऊ देतील का हे सोडा, ती वस्तूच वेगळी आहे. वाढदिवसाचा तो फेस असतो, साबणाच्या पाण्यात गॅस भरलेला. काचेवर मारलात तर दोन मिनिटांत पाणी होऊन खाली. खिडकीचा जो असतो तो वाळून पांढरी कोरडी पूड होऊन चिकटतो. इथे बाजारात दोन्हीवर स्नोच लिहिलेलं असतं म्हणून लोक फसतात, आमच्या मेहुण्याने चर्चच्या हॉलच्या सगळ्या काचांवर वाढदिवसवाला मारला होता, रात्री झाडू-पोछा आम्हीच केला. आणि दोन्हीत साम्य एकच, आतला गॅस पेट घेणारा असतो. केकवर मेणबत्ती पेटलेली असताना हा स्प्रे मारल्यावर भडका उडाल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत. तेव्हा ताई, स्प्रे करताना त्या खोलीत मेणबत्ती नको, समई नको, शेगडी नको, आणि झाल्यावर थोडा वेळ खिडकी उघडी.

आता तुमचा प्रश्न. आमच्याकडे वसईला खरा बर्फ कुणी बघितलाय, नाताळच्या गोठ्याच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) छपरावर कापूस पसरला की झाला बर्फ, आणि गोठ्यात हिरवळ पाहिजे म्हणून आठ-दहा दिवस आधी वाटीत नाचणी पेरून ठेवायची. पण मी पाच वर्षं मस्कतला एका मॉलच्या डेकोरेशनच्या कामाला होतो, नाताळच्या आधी काचाच काचा, त्यामुळे हात बसलाय.

काच आदल्या दिवशी स्वच्छ धुवा आणि त्या दिवशी परत कोरड्या फडक्याने पुसा, हाताचा तेलकट डाग राहिला तर तिथे धरत नाही. तुमच्या घामाच्या काचेवर सकाळी अजिबात करू नका, दुपारी काच पूर्ण सुकल्यावर करा. खिडकीखाली तो हीटर असतो ना तुमच्याकडे, तो आधी चालवून काच सुकवा, मग बंद करून गार होऊ द्या, त्यावर जुनी चादर टाका आणि मगच कॅन हातात घ्या. कॅन घरातल्या तापमानाला असू दे, थंड गॅरेजमधला लगेच मारलात तर थुंकल्यासारखे थेंब उडतात. जोरजोरात हलवा, मिनिटभर तरी. स्टेन्सिलच्या चारी कडा मास्किंग टेपने पक्क्या करा, मधला भाग बोटाने काचेला दाबून धरा, आणि वीतभर लांबून, कॅन सरळ समोर धरून, फुस फुस करत छोटे छोटे फवारे. तिरका धरलात की स्टेन्सिलच्या खाली घुसतो, तुमची शिंगं तशीच जुळली असणार. जवळून एकाच जागी धरलात तर ओला होतो आणि ओला झाला की ओघळतो. पातळ थर द्या, काच थोडी दिसली तरी चालेल, बाहेर अंधार पडून आत दिवा लागला की तेच भरगच्च दिसतं. स्टेन्सिल काढताना सरकवू नका, सरळ उचला. आणि प्रत्येक वेळी पुसून घ्या, नाहीतर दुसऱ्या फुलाला पहिल्याची कड लागते.

बारीक नक्षी असेल तर स्प्रे थेट मारूच नका. कागदी डिशमध्ये फवारा मारून घ्या आणि स्पंजच्या तुकड्याने टिप टिप करत स्टेन्सिलवर लावा. मॉलमध्ये आम्ही अर्ध्याहून जास्त असंच करायचो, कॅनही कमी लागतात.

आणि ते खालच्या कोपऱ्यातले ढीग सोडून द्या हो. सगळेच करतात, छान दिसतात मान्य, पण काचेचं पाणी तिथेच जाऊन साठतं. खालची चार बोटं मोकळी ठेवा, नक्षी वर घ्या.

रोखठोक_नाना

दिवाळीत खिडकीत आकाशकंदील लावता का हो, का फक्त हेच?

मंजुळा_रेडिंग

नाना, लावतो की, तोच अजून लटकतोय कारण उतरवायचा कंटाळा. लेकीने परस्पर जाहीर केलंय की आता तो स्टार आहे.

वसईकर, __/\__ एवढं कोण लिहून देतं! शिंगांचं अगदी बरोबर, मी स्टुलावर चढून वरनं खाली मारत होते.

कागदकात्री

मी श्टुटगार्टजवळ असते. इथे स्प्रेपेक्षा काचेवर कागदी चित्रं चिकटवायची पद्धत जास्त, शाळेतनं मुलं जाड रंगीत कागदाची कापून आणतात आणि ती आख्खा हिवाळा खिडकीत राहतात. शिवाय चॉक मार्कर मिळतो, खडूचं पेन, काचेवर लिहायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं, गॅस नाही वास नाही. मुलाला दमा असल्यामुळे मी तरी स्प्रे घरात आणतच नाही. मंजुळा, तुझ्या लेकीला हातात धरायला काहीतरी द्यायचं असेल तर हेच दे, कॅन तू धर.

एक हात धुवून घेते, माझा आवडीचा विषय आहे. कागदाची बर्फफुलं कापताना लोक कागद अर्धा, परत अर्धा, परत अर्धा असा घडी घालतात आणि आठ पाकळ्यांचं फूल येतं. बर्फाचा कण सहा हातांचा असतो! गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात म्हणून सहा. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये यावर छोटी पुस्तिका लिहिली, हे सहाच का असतात म्हणून, आणि अमेरिकेत व्हर्मॉंटच्या विल्सन बेंटलीने १८८५ पासून सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पाच हजारांवर कणांचे फोटो काढले, त्यात कुठे आठ पाकळ्या बघितल्या नाहीत मी. तर चौकोनी कागद कर्णावर दुमडून त्रिकोण कर, मग लांब बाजूच्या मध्यापासून त्या त्रिकोणाच्या पंख्यासारख्या तीन सारख्या घड्या घाल, वरची टोकं कापून टाक आणि मग नक्षी काप, सहा येतात. हेच कागद काचेवर लावून भोवती स्प्रे केला की मधे पारदर्शक फूल उरतं, विकतची स्टेन्सिल लागतच नाही.

पेठेतला_पक्या

आमच्या रांगोळीला आठ चालतात बुवा.

दोन_थेंब_आम्ल

काढायचं राहिलंच की. रेडिंग म्हणालात ना, तिकडचं पाणी चांगलंच जड आहे, किटलीत पांढरा थर बसत असेल बघा. आता खिडकीच्या बऱ्याच स्प्रेमध्ये स्टिअरिक ॲसिड असतं (डब्यावर बघा), मेणबत्तीत आणि साबणात घालतात तेच. मेणचट पदार्थ, नुसत्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओलं फडकं लावलं की फक्त पसरतो. त्यात साबणाचं पाणी घेतलं असेल तर जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जमून अजून चिकट साका होतो, न्हाणीघराच्या फरशीवर बसतो तोच. तुम्ही त्या थराला खतपाणी घालत होतात थोडक्यात.

आधी पूर्ण कोरडं काढा. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड किंवा मऊ ब्रश, खाली वर्तमानपत्र, नव्वद टक्के पूड तशीच पडते. उरलेल्यावर अल्कोहोलवाला काच पुसायचा स्प्रे आणि कोरडा कागद. साबणाची वडी नको, भांड्याचं लिक्विड थेंबभर कोमट पाण्यात चालेल. नेलपॉलिश रिमूव्हर तर बिलकुल नको, तुमच्या खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या असतील तर ॲसिटोनने त्या खराब होतात आणि मग डिपॉझिट खरंच गेलं. तारेची घासणी कुठे ठेवलीय ती लपवा.

वसईकर

आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की काढून टाका, संक्रांतीपर्यंत ठेवलात तर रोज घाम-ऊन घाम-ऊन करून घट्ट बसतो.

मंजुळा_रेडिंग

अपडेट द्यायला आले. शनिवारी दुपारी केलं, हीटर बंद, चादर, मास्किंग टेप सगळं सांगितल्याप्रमाणे. स्टेन्सिलचं पाकीट मागच्या वर्षीचं चिकटून बसलं होतं म्हणून आईने दिलेले रांगोळीचे छाप काढले! बारीक भोकांचे होते ते फुकट गेले, स्प्रेने सगळं एक झालं, पण मोठ्या पाकळ्यांचा एक आणि कोयरीचा एक स्पंजने इतके सुरेख उमटले की शेजारीण विचारत होती कुठून घेतले. (पाकळ्या आठ आहेत, कागदकात्री, माफ कर.) आज चौथा दिवस, सकाळी घाम येतो पण वरचं जागच्या जागी आहे. रात्री पडदे थोडे उघडे ठेवतेय, त्याने घामही कमी वाटतोय.

मग हाव सुटली आणि जाड प्लॅस्टिकवर "शुभ नाताळ" कापायला घेतलं. मराठी अक्षरांची स्टेन्सिल म्हणजे डोक्याला ताप, शिरोरेघ कापली की सगळा शब्द लोंबकळतो, आणि ळ च्या पोटातले दोन गोल पहिल्याच झटक्यात गळून पडले. शेवटी शिरोरेघ मधे मधे तोडली, गोलांना बारीक पूल ठेवले, दोन तास गेले. लावलं, स्प्रे केला, बाहेर जाऊन बघते तर आख्खं उलटं! आतनं करताना आरशासारखं उलटवून लावायला पाहिजे होतं हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पुसायला निघाले तर लेक म्हणे राहू दे ना आई, सरळ असतं तरी या रस्त्यावर वाचणारं कोण आहे.

वसईकर

आम्ही आहोत की. फोटो टाका, आम्ही फोन आरशासमोर धरून वाचू.