आठ महिने आधी अर्ज? हो, करा

सैन्यातून निवृत्तीला आठ महिने आहेत, माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या सरकारी नोकरीसाठी आत्ताच अर्ज करू का, असं एकाने विचारलंय. नक्की करा. सैन्यातल्या सेवेची मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज चालतो. युनिटकडून ना-हरकत आणि सेवा संपण्याची तारीख लिहिलेला दाखला घ्या.

सरकारी बँकांत क्लार्कसाठी माजी सैनिकांना १४.५ टक्के जागा राखीव आहेत, महाराष्ट्र शासनात गट क आणि ड मध्ये १५ टक्के.

खरी चूक पुढे होते. पहिली केंद्रीय नोकरी लागली की रुजू होतानाच, आधी कुठे कुठे अर्ज केलेत त्याची तारखांसकट यादी स्वघोषणापत्रावर द्या आणि पोच जपा. ती यादी दिली नसेल तर आधीच्या अर्जातून पुढे मिळणारी चांगली जागा हातची जाते, कारण रुजू झाल्यावर आरक्षणाचा लाभ संपलेला धरतात. सैन्यातल्या सेवा नोंदींतलं आणि आधारवरचं नाव मात्र आजच ताडून बघा.