मदत हवी आहे: ५४० किमीची बाइक राइड, आणि मध्ये आडवं आलेलं मोठं शहर

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बायकोला मागे बसवून ५४० किमीची राइड करायची आहे. गाडी ३५० सीसी, एअर-कूल्ड, दोन्ही बाजूंना सॅडलबॅग. हायवेची धास्ती नाही. धास्ती आहे ती मधल्या शहराची. घरापासून २४० किमीवर ते सुरू होतं आणि पुढे ४५ किमी संपतच नाही.

गेल्या वेळी पहाटे पाचला निघालो. रस्ता मोकळा, हवा गार, स्वारी खूश. शहराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. पुढचे अडीच तास पहिला गिअर, न्यूट्रल, पुन्हा पहिला गिअर. इंजिन एवढं तापलं की न्यूट्रल लागेना, डाव्या हाताची बोटं आखडली. बाहेर पडल्यावर पहिल्या झाडाखाली गाडी लावली आणि अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

रिंगरोड आहे, पण ३८ किमी जादा पडतात. मॅप दर वेळी शहरातूनच ओढतो. रात्री पार करावं का? जाणकारांनी मार्ग दाखवावा, शब्दशः.

प्रतिसाद:
मॅप रात्री अकराला घरी बसून बघितलात ना? त्या वेळी शहर रिकामंच दिसणार. निघण्याची वेळ बदलून, ज्या वारी जाणार तोच वार टाकून बघा.

बाकी हिशोब सोपा आहे. शहरातून ४५ किमीला तुम्हाला अडीच तास लागले, म्हणजे ताशी १८. रिंगरोडने ८३ किमी, ताशी ५५ धरले तरी दीड तास. किलोमीटर मोजू नका, क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजा. आणि मॅपमध्ये रिंगरोडवरचे दोन-तीन थांबे मुद्दाम टाकून ठेवा. नाहीतर एक वळण चुकलं की तो लगेच तुम्हाला गावात घालतो. दुचाकींना बंदी असलेला पट्टा वाटेत नाही ना, तेही आधीच बघा.

प्रतिसाद:
रात्री दोनला निघा. मी नेहमी तसंच करतो. सिग्नल पिवळे, रस्ता आपला.

प्रतिसाद:
वरच्या सल्ल्याशी साफ असहमत. बऱ्याच शहरांत जड वाहनांना दिवसा प्रवेश नसतो. ती सगळी रात्री सुटतात, आणि बंदीची वेळ संपायची वाट बघत रिंगरोडच्या कडेला अंधारात रांगेने उभी असतात. रस्ता आपला वगैरे काही नसतो.

शिवाय झोप. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा होतो, हे १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात दिसलं होतं. दिवसभर काम करून रात्री दोनला हँडल धरणारा माणूस त्यापलीकडे गेलेला असतो. पिलियन मागे पेंगायला लागली तर तोलही जातो, ते वेगळंच.

प्रतिसाद:
मूळ चूक पहाटे निघण्यात आहे. दिवसाचे सगळ्यात मोकळे तास तुम्ही मुळातच मोकळ्या असलेल्या हायवेवर खर्च केलेत आणि ऐन कचेरीच्या वेळेला शहरात शिरलात. प्लॅन घरापासून नको, शहरापासून उलटा आखा. आदल्या दिवशी दुपारी निघा, शहराच्या ३० किमी अलीकडे मुक्काम करा, नीट झोपा आणि उजाडताना रिंगरोडला लागा. गावातली गर्दी जागी होईपर्यंत तुम्ही पलीकडे असाल.

तापण्याबद्दल: एअर-कूल्ड इंजिन वाऱ्यावर जगतं. गाडी उभी म्हणजे वारा बंद. मोठा सिग्नल असेल तर सरळ इंजिन बंद करा. न्यूट्रल न लागणं हे तापलेला क्लच पूर्ण सुटत नसल्याचं लक्षण. चाक थांबायच्या आत, गाडी रांगत असतानाच न्यूट्रलला टाका. निघण्याआधी ऑइलची पातळी, क्लच केबलला वंगण आणि लिव्हरचा फ्री प्ले (क्लचवर ताण येण्याआधीची मोकळी हालचाल) बघून घ्या. लिव्हर मनगटाच्या रेषेत आणलीत तरी बोटांचा निम्मा त्रास जातो.

प्रतिसाद:
न्यूट्रलबद्दल एक पुरवणी. मागे एखादी गाडी येऊन पूर्ण थांबेपर्यंत पहिला गिअर सोडू नका, नजर आरशात ठेवा. मागून कोणी दणकन आलं तर निसटायला तेवढंच हातात असतं.

आणि हळू चाललोय म्हणून निर्धास्त राहू नका. १९८१ च्या ‘हर्ट रिपोर्ट’मध्ये लॉस एंजेलिस भागातले सुमारे ९०० दुचाकी अपघात जागेवर जाऊन तपासले होते. अपघातापूर्वीचा मध्यक वेग निघाला ताशी ४८ किमीच्या आसपास, म्हणजे निम्मे अपघात याहून कमी वेगातले. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी दोन-तृतीयांशांत चूक समोरच्याची होती, त्याने दुचाकीचा हक्काचा रस्ता अडवला होता.

अवांतर: सकाळी तोंड कुठे असेल? पूर्वेला असेल तर उन्हाने तुम्हाला दिसणार नाही. पण पश्चिमेला असेल तर जास्त सांभाळा. आपल्याला सगळं लख्ख दिसतं, समोरून वळणाऱ्याच्या डोळ्यात मात्र सूर्य असतो आणि त्याला आपण दिसतच नाही.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. उलटा प्लॅन एकदम पटला. आदल्या दुपारी २१० किमी, मुक्काम, मग पहाटे रिंगरोड. एक्झिटची नावं मोठ्या अक्षरात लिहून टँकबॅगच्या खिशात लावणार. तोंड पश्चिमेलाच आहे, तेव्हा हेडलाइट चालू आणि बायकोला भडक जॅकेट. तिने रंग ठरवलासुद्धा.

प्रतिसाद:
छान. आणि परत कधी येणार?

धागाकर्ता:
रविवारी संध्याकाळी.

प्रतिसाद:
म्हणजे सुट्टीला बाहेर गेलेलं अख्खं शहर ज्या वेळी घरी परततं, त्याच वेळी?

धागाकर्ता:
अरे देवा. हा विचारच केला नव्हता. सोमवारची रजा टाकावी लागणार. साहेबांना काय कारण सांगायचं, त्यासाठी वेगळा धागा काढतो.