अनुभव धागा : पुस्तकातला धडा तुम्हाला घरात कधी भेटला?

निळीशाई (धागाकर्ती)
आठवीत शिकणारी माझी मुलगी काल रात्री 'हात धुण्याचे महत्त्व' या विषयावर दहा ओळी लिहीत बसली होती. दहाही ओळी बरोबर होत्या आणि तिला त्यांपैकी एकीतही रस नव्हता. तिच्या वहीकडे पाहताना मला आमच्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. त्यांनी आम्हाला स्वच्छतेचा धडा वाचून दाखवला नाही, तर व्हिएन्नातील एका रुग्णालयाची हकीकत सांगितली. तेथील प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी, आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक होते. डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत, हे तेथीलच एक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले आणि मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. त्या विभागात एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जुलैमध्ये हे प्रमाण जेमतेम एकावर आले.

एवढे सांगून बाईंनी पुस्तक मिटले आणि विचारले, "इतके स्पष्ट आकडे समोर असताना बाकीच्या अनेक डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे का मानले नसेल?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नेहमी गोष्टींची पुस्तके वाचत बसणारी एक मुलगी म्हणाली, "मानले असते, तर त्या बायका आपल्याच हातून गेल्या हेही मानावे लागले असते." विज्ञानाच्या तासाला मिळालेले ते उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नव्हते, आणि तरीही त्याच्याशिवाय तो धडा अर्धाच राहिला असता.

साहित्यातला, विज्ञानातला किंवा समाजशास्त्रातला एखादा धडा तुमच्या रोजच्या जगण्यात असा अचानक समोर उभा राहिला असेल, तर येथे जरूर लिहा.

सांजवारा
वीज. लहानपणी मी ढगांच्या गडगडाटाला इतका घाबरत असे की पांघरुणातून बाहेर येत नसे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो हे सातवीत शिकल्यावर वडिलांनी मला चमक दिसताच आकडे मोजायला लावले. तीन आकड्यांमागे एक किलोमीटर, असा आमचा हिशेब होता. 'नऊ'पर्यंत मोजून झाल्यावर आवाज आला आणि ती वीज तीन किलोमीटर दूर होती हे मला कळले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून खिडकीपाशी गेलो. भीती पूर्णपणे गेली नाही, पण तिला अंतर मिळाले.

अभ्यासिका
सांजवारा, अनुभव फार आवडला. लहान मुले हे वाचतील म्हणून एक गोष्ट जोडते : गडगडाट ऐकू येतो आहे म्हणजेच आपण विजेच्या टप्प्यात आहोत, त्यामुळे मोजणी घरात बसूनच करावी आणि झाडाखाली तर मुळीच थांबू नये. विजेच्या वाटेतील हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि झटक्याने प्रसरण पावते. तोच तो गडगडाट.

खडूफळा
मी शाळेत विज्ञान शिकवतो. डासांच्या धड्यासाठी मुलांना घरोघरी पाहणी करायला पाठवले होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करावीत, एवढे मुलांना पाठ होते. पाहणीहून परतल्यावर त्यांनी नकाशा काढला आणि ज्या गल्लीत अळ्या अधिक सापडल्या तेथे लाल ठिपके दिले. पहिला निष्कर्ष फळ्यावर लिहिला गेला तो असा : "या गल्लीतील लोक निष्काळजी आहेत."

त्याच गल्लीत राहणारी एक विद्यार्थिनी मागच्या बाकावर खाली मान घालून बसली होती. मी तो निष्कर्ष पुसला नाही. पुढच्या आठवड्यात मुलांना एकच प्रश्न विचारून यायला सांगितले, की तुमच्याकडे नळाला पाणी कधी येते. लाल ठिपक्यांच्या गल्लीत पाणी चार-चार दिवसांनी येत होते आणि तेही केव्हा येईल याचा नेम नव्हता. भरलेले पिंप आठवड्यातून एकदा ओतून टाका, हा सल्ला ज्याच्या घरी रोज पाणी येते त्यालाच सोपा वाटतो. मुलांनी मग स्वतःच फळ्यावरचे वाक्य खोडले आणि पिंपांना घट्ट कापड कसे बांधावे, रिकामे झालेले पिंप आतून घासून अंडी कशी काढावीत आणि पाण्याच्या वेळेसाठी अर्ज कोणाकडे करावा, याची चर्चा सुरू केली. तो अर्ज त्या विद्यार्थिनीने लिहिला. भाषेच्या बाईंनी त्यातले फक्त एक क्रियापद बदलले.

दूरदेशी
खडूफळा सर, तुम्ही तो निष्कर्ष लगेच पुसला नाहीत, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आमच्या वेळी शिक्षक चूक उत्तर घाईने पुसून टाकत आणि बरोबर उत्तर लिहून देत, त्यामुळे चूक कोठे झाली हे कधी कळलेच नाही.

मधलीसुट्टी
पोळपाट हातातून ठेवून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. लोखंडी खुर्ची लाकडी खुर्चीपेक्षा गार असते, असे मी कित्येक वर्षे ठामपणे मानत होते. दोन्हींचे तापमान सारखेच असते आणि धातू आपल्या हातातील उष्णता वेगाने ओढून घेतो, हे मुलाने तापमापी लावून दाखवले. आपल्या हाताला वाटते ते खरे असतेच असे नाही, हा धडा मला मुलाकडून मिळाला.

चांदणचुरा
हे मी आजवर कोठेही लिहिलेले नाही. आम्ही तिघी बहिणी. आई त्यावरून बोलणी खात असे आणि ती आजीकडूनच येत. दहावीला आनुवंशिकतेचा पाठ आला. मुलगा की मुलगी हे ठरवणारे जे गुणसूत्र आईकडून येते ते नेहमी एक्स असते. वडिलांकडून एक्स आले तर मुलगी आणि वाय आले तर मुलगा. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने एका भुंग्याच्या पेशींचा अभ्यास करून हा संबंध दाखवून दिला होता, असेही शिक्षकांनी सांगितले. मी त्या रात्री वही घेऊन आजीसमोर बसले. खरे सांगायचे तर तिला हरवायलाच बसले होते.

आकृती काढून समजावून झाल्यावर आजी खूप वेळ त्या वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मला चार मुली झाल्या तेव्हा हे कोणी का नाही सांगितले?" माझे वडील हे तिचे पाचवे अपत्य. त्याच सुमारास मराठीच्या तासाला आम्ही एका कथेतील कठोर सासूबद्दल लिहीत होतो आणि बाई वारंवार सांगत होत्या की पात्र असे का वागते ते शोधा. मला आजीचा राग यायला हवा होता, तेथे तिच्या हाताच्या शिरा दिसू लागल्या. आईची बोलणी त्यानंतर कमी झाली. पूर्ण थांबली असे म्हणणार नाही.

अभ्यासिका
चांदणचुरा, तुमच्या आजीचा तो प्रश्न मी दोनदा वाचला आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवला. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

पानगळ
मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. प्रत्येक धडा कोठेतरी उपयोगी पडलाच पाहिजे, असा हट्ट नसावा. शाळेत एक कविता गुणांसाठी पाठ केली होती आणि तिचा अर्थ मला अजिबात लागला नव्हता. वडील गेले त्या रात्री, रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात, तिच्या दोन ओळी आपोआप ओठांवर आल्या. त्यांनी कोणताही प्रश्न सोडवला नाही. मी एकटा नव्हतो, एवढेच झाले.

निळीशाई
सर्वांचे आभार. पानगळ, तुमचे म्हणणे मला पटते. आज रात्री हे सारे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. तिने एकच विचारले : "आपण बरोबर होतो हे सेमेलवाइस यांना शेवटी कळले का?" त्यांचे निधन ऑगस्ट १८६५ मध्ये झाले, आणि त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायावरील जखमेवर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली, ज्यापासून जंतुविरहित शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. मुलीने दहा ओळींचा निबंध बाजूला ठेवला आहे. नव्या पानावर तिने ती दोन नावे आणि तोच एक महिना लिहिला आहे, आणि त्यांच्यामध्ये चार ओळींची जागा कोरी सोडली आहे.