गहू अडतो तो मंडीत नाही, अटारीला
अण्णा, छावणी मंडीतून ट्रक भरून अफगाणिस्तानला गहू धाडा, असं तुम्ही लिहिलंत. इंदुरात ट्रक भरणं काही अवघड नाही हो! भारताने मदत म्हणून देऊ केलेल्या 50,000 टनांपैकी पहिले 2,500 टन 22 फेब्रुवारी 2022 ला पंजाबच्या सीमेवरच्या अटारीहून निघाले. पाकिस्तानने वाट दिली, पण गाड्या अफगाणच. म्हणजे अटारीला माल एका ट्रकमधून दुसऱ्यात. 50 किलोचं पोतं धरलं तर 2,500 टनांची पोती 50,000, प्रत्येक उतरवा, मोजा, पुन्हा चढवा. हुक लागून फाटलेलं पोतं वाटेत गळतं आणि पलीकडे वजन भरत नाही. अफगाणिस्तानात जलालाबादला ताबा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, तालिबानकडे नव्हे. 2023 मध्ये पुढच्या 20,000 टनांसाठी इराणच्या चाबहार बंदराचा मार्ग ठरला, तो उगीच नाही.